वाडग्यातला राखणदार

लेकीकडे बहारीनला महिनाभर राहिले होते. एका सकाळी जावई म्हणाले, "आई, चला, तुमच्या जयगडासारखाच किल्ला दाखवतो." मनामाच्या पश्चिमेला, अगदी समुद्राकाठी कलात अल-बहारीन आहे. आज दिसतो तो कोट पोर्तुगीज काळातला, पण त्याच्याखाली चार हजार वर्षांहून जुन्या, दिलमुन नावाच्या प्राचीन संस्कृतीच्या वस्तीचे थर. डॅनिश संशोधकांनी १९५४ पासून तिथे खोदकाम केलं. २००८ साली शेजारीच संग्रहालय उघडलं.

सिंधू संस्कृतीशी जुळणारी वजनं तिथल्या उत्खननात मिळाली आणि दिलमुनची गोल मुद्रा आपल्याकडे लोथलला, हे लेकीने सांगितलं. आमच्या खाडीतले कितीतरी खलाशी आखातात गेले, पण हा व्यवहार इतका जुना असेल असं वाटलं नव्हतं.

एका काचेपाशी मात्र पाय थांबले. आत मातीचा साधा वाडगा, त्यात बारीक हाडांचं वेटोळं. साप! सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी राजवाड्याच्या जमिनीखाली असे कितीतरी वाडगे पुरले होते. बहुतेकांत सापाबरोबर एखादा मणी, एकात मोती.

नातीने विचारलं, "आजी, सापाला का पुरलं?"

संशोधक काय म्हणतात ते लेक वाचून दाखवत होती. मला आठवली आमच्या घराची वास्तुशांत. आग्नेय कोपऱ्यात खड्डा काढून वास्तुपुरुष ठेवला, त्याच्यासोबत पंचरत्नं, त्यातही मोती. आणि परड्यात साप दिसला की सासूबाई हात जोडून म्हणायच्या, "राखणदार आहे, मारू नका." मी नातीला तेवढंच सांगितलं, "घर राखायला असेल, बाळा."

बोलता बोलता गळा दाटून आला, कारण जयबा डोळ्यांसमोर उभा राहिला. जयगडाची तटबंदी उभी राहीना, तेव्हा जयबा नावाच्या तरुणाने स्वतःला पायात गाडून घेतलं आणि गडाला त्याचं नाव मिळालं, ही गोष्ट आमच्याकडे पोरांना जेवता जेवता सांगतात. तिकडे अडीच हजार वर्षांचा साप काचेत जपून ठेवलाय. आमच्या जयबाचं स्थान गडावर आहे, पण बुरुजावरून समुद्राचे फोटो काढून माणसं त्याच्यासमोरून तशीच निघून जातात.

जयगडला याल तेव्हा दीपगृह बघा, कऱ्हाटेश्वराला जा, पण गडावर जयबापाशी घटकाभर थांबा. बरोबर पोरं असतील तर त्यांना त्याची गोष्ट तिथेच सांगा.