प्रवासाची दैनंदिनी : गाढवी नदीच्या मुलखात

रविवार, प्रतापगड
अर्जुनी मोरगावहून जीप ७० रुपये. चहा २०, नारळ-फुलं ५०. सीट भरेपर्यंत जीप हलली नाही, दीड तास उन्हात गेला. महादेव आणि दर्गा एकाच डोंगरावर. महाशिवरात्रीची यात्रा जवळ आलीय, दुकानांचे बांबू रोवणं चालू आहे. पाय दुखताहेत. झोपते.

सोमवार
आजचा दिवस मासेमार धीवर समाजातल्या एका काकींचा. सकाळी गावालगतच्या तलावावर त्या बेशरमाची झुडपं उपटत होत्या, कमरेइतक्या पाण्यात. मी पाळीवर बसले, तर म्हणाल्या, "खाली ये ना बाई, तेथून का दिसते?" उतरले. चिखलातून हात घालून त्यांनी एकेक वनस्पती वर काढली : चिला, गाद, परसूड. कोणती बुडाशी राहते, कोणती तरंगते, कोणतीत कोणता मासा लपतो, सगळं सांगितलं. बेशरम वाढली की ही गवतं मरतात. "पान्यात गवत नाई तं मासोरी अंडे कोठं देईल?"

रोहू-कतल्याची बोटुकली विकत आणून सोडली की वजन मिळतं, पण ते मासे इथे अंडी घालत नाहीत. दरवर्षी पुन्हा बीज आणा, पुन्हा पैसे. मरळ, वाघूर, शिंगूर या देशी माशांना विकत आणावं लागत नाही. काकींच्या तोंडी ही नावं ऐकताना वाटलं, नात्यातल्या माणसांबद्दल बोलताहेत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मनीष राजनकरांच्या पुढाकाराने याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात धीवरांचं हे ज्ञान गोळा केलं, आणि त्याच्या आधाराने तलावांत देशी वनस्पती पुन्हा लावल्या. बेशरम उपसून, उन्हाळ्यात तळ नांगरून. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं शास्त्र खरं ठरलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

दुपारी त्यांच्याकडेच जेवण. शिंगूरचा झणझणीत रस्सा, भात, जवसाची चटणी. रस्सा दोनदा घेतला. पैसे घेतले नाहीत, विचारल्यावर रागावल्या.

मंगळवार
जीप ७०. पुन्हा उशीर, पुन्हा ऊन. केळी ३०, डोकेदुखीची गोळी १०. काहीही पाहिलं नाही.

बुधवार, नवेगावबांध
हा तलाव कोलू पाटील कोहळींनी बांधला असं इथे सारेच सांगतात. डोंगरांच्या मधल्या फटी पाळींनी बुजवून पाणी अडवलं आहे. पाणी सोडायचं ते तुडूम, जादा पाणी वाहून जातं तो सलंग. कोहळी समाजाने पाळ घालायची, धीवरांनी मासे धरायचे, खाली सगळ्यांचा धान पिकायचा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ काढायला, पाळ दुरुस्त करायला आपलं म्हणून कोणी उरलं नाही. मालगुजारी परत यावी असं कोणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण पाळीची जबाबदारी कुणाची, हे तेव्हाच ठरायला हवं होतं. पाणी डोळे भरून पाहिलं. डास भयंकर.

गुरुवार
गाढवीवरचं इटियाडोह धरण. इथलं पाणी कालव्यांनी पार वडसा-आरमोरीकडच्या धानाला जातं. नदी पुढे वैनगंगेला मिळते, मग प्राणहिता, गोदावरी, समुद्र. काठावरचे एक आजोबा म्हणाले, पहिल्या पावसात मासे उलटे चढायचे, नदीतून नाल्यात, नाल्यातून सलंगावाटे तलावात. आता मधे भिंती आहेत. ते किती वेळ बोलत होते! मासा कसा उसळी मारतो ते हाताने दाखवताना थकत नव्हते.

दुपारी तिबेटी वसाहतीत गरम थुकपा. ही माणसं १९७२ पासून इथे आहेत. ज्या बाईंनी वाढलं त्यांचं मराठी माझ्यापेक्षा गोड, झाडीबोलीचा सूर असलेलं.

शुक्रवार
पुन्हा काकींच्या तलावावर. पाळीवर वाद पेटला होता. उन्हाळी धानासाठी शेतकऱ्याला शेवटच्या थेंबापर्यंत पाणी हवं, धीवराला मासे जगतील एवढं उरायला हवं. दोघेही एकाच गावचे, दोघांचंही पोट त्यावर. माझं मत सांगते : तळाशी मासे तगतील इतकं पाणी राखलंच पाहिजे, कारण धान एक हंगाम बुडाला तर पुढच्या वर्षी येतो, मरळ संपली तर येत नाही. काकींनी तुडमापाशी एक दगड दाखवला. पाणी त्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. शेतकऱ्यांतल्या एकाने दोन बोटं खालचा दगड दाखवला. अंधार पडेपर्यंत दोन दगडांवर बोलणं चाललं होतं. सोमवारी पुन्हा बसणार आहेत. मी तोवर थांबते.