विहिरीचा हिशेब

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक सुती दोर टांगलेला आहे. दोराच्या टोकाला दगड बांधला आहे आणि दर फुटाला एक गाठ मारलेली आहे. दर शनिवारी सकाळी घरातले कोणीतरी हा दोर विहिरीत तळापर्यंत सोडते, वर ओढते आणि ओल्या गाठी मोजते. जितक्या गाठी ओल्या तितके फूट पाणी. मग तो आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा. आलेल्या पाहुण्यांना याचे हसू येते. पण हा दोर आमच्या घरात कसा आला, हे एकदा लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

आम्ही अथणी तालुक्याच्या पूर्व भागातले. तालुक्यातून कृष्णा वाहते हे खरे, पण ती आमच्या मळ्यापासून लांब. २०१९ साली मे महिन्यात कृष्णेचे पात्र कोरडे पडले होते आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिला महापूर आला. काठावरच्या गावांनी तीन महिन्यांत दोन्ही टोके पाहिली. आमच्या वाट्याला पूर नाही आणि नदीचे पाणीही नाही. तीन एकर काळी जमीन, आठ परस खोल विहीर, दोन म्हशी, एक खिलार जोडी आणि आजी धरून घरात सहा माणसे, एवढाच आमचा संसार.

ही विहीर आजोबांनी खोदली ती ज्वारीला आणि जनावरांना म्हणून. त्यांच्या वेळी पाणी मोटेने निघायचे. बैल दमले की मोट थांबायची आणि मोट थांबली की विहिरीलाही विसावा मिळायचा. पुढे वीज आली, मोटर बसली. मोटर काही दमत नाही! शेजारच्या मळ्यात ऊस दिसू लागला, तसा आम्हीही एक एकर ऊस लावला. पाच-सहा वर्षे बरी गेली. कारखान्याचे पैसे एकरकमी येतात, त्यात मुलांची फी भागते, घरावर पत्रे चढतात. विहीर किती देते आणि आपण किती काढतो, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

२०२३ साली मृग कोरडाच गेला. जुलैत पाऊस चांगला झाला म्हणून घाईघाईने एका एकरात मका टोकला, मध्ये तुरीच्या ओळी घातल्या. मका कमरेला आला आणि पाऊस जो गेला तो गेलाच. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट म्हणून २०२३ चा ऑगस्ट नोंदला गेला. मक्याला तुरा आला, पण कणसात दाणा भरला नाही. दुपारी पाने सुरळीसारखी गुंडाळायची, ती पुढे पुढे सकाळीही उलगडेनात. राज्यातल्या २३६ तालुक्यांपैकी २२३ तालुके त्या वर्षी दुष्काळग्रस्त जाहीर झाले. बातम्यांत आमच्या तालुक्याचे नाव ऐकून आजी म्हणाली, "आता कागदावर आला म्हणायचा. रानात दोन महिन्यांपूर्वीच आलाय."

आजीने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. तेव्हा ती जत तालुक्यात माहेरी होती. रस्त्याच्या कामावर खडी फोडली, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, सुकडीसाठी रांगेत उभी राहिली. ती म्हणते, बहात्तर साली पोत्यात दाणा नव्हता, पण विहिरीत घागर बुडायची. यंदा उलटे होते. रेशनचा तांदूळ घरात होता, तो शिजवायला पाणी कुठून आणायचे याची चिंता होती.

डिसेंबरात आम्ही एक मोठी चूक केली. ऊस वाळताना बघवेना. कारखान्याची तोड मार्चमध्ये यायची होती. तोवर दोन-तीन पाणी मिळाली तर वजन भरेल, निदान सोसायटीचे कर्ज फिटेल, असा विचार करून बोअर मारायचे ठरवले. आजी नको म्हणत होती. रात्रभर यंत्र घरघरत होते आणि आम्ही सगळे शाली पांघरून भोवती उभे. दोनशे फूट झाले, तीनशे झाले. "आणखी पन्नास फूट बघू" असे म्हणत म्हणत साडेपाचशे फुटांवर गेलो. पहाटे पाहिले तर अंगावर, झाडांवर, म्हशींच्या पाठीवर पांढुरकी भुकटी बसलेली. पाण्याचा थेंब नाही.

नंतर वाचनात आले की आपला हा भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. पाणी बहुतेक वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत असते. खाली घट्ट पाषाण लागला की जितके खोल जावे तितके पाणी मिळेल असे होत नाही. हे आधी माहीत असते तर कदाचित थांबलो असतो. पण खरे सांगायचे तर आशा लागलेला माणूस ऐकत नाही. उसाच्या कर्जावर बोअरचे कर्ज चढले.

मग उरली ती विहीर. फेब्रुवारीत वस्तीवरचे नळ आठवड्यातून एकदा येऊ लागले आणि नंतर बंदच झाले. टँकर कधी यायचा, कधी नाही. आसपास आठ घरे आहेत, काही मराठी, काही कन्नड. विहिरीत पाणी उरले होते ते एकट्या आमच्या. आम्ही रोज तासभर मोटर लावून उसाला पाणी देत होतो.

एका दुपारी शेजारच्या घरातली बाई दोन घागरी आणि लहान मुलीला घेऊन आली. "अक्का, एरड कोडा नीर कोड्री," एवढेच म्हणाली. दोन घागरी पाणी मागत होती. आमच्या घरातून उत्तर गेले, "विहिरीत पाणी उरले नाही." कोणी दिले ते लिहीत नाही. ते आमच्या सगळ्यांच्या मनातले होते. बाई काही बोलली नाही. तिने उसाच्या पाटातून वाहणाऱ्या पाण्याकडे एकदा पाहिले, मुलीचा हात धरला आणि रिकाम्या घागरी घेऊन परत गेली.

त्या रात्री आजी जेवली नाही. रागावली असती तर बरे वाटले असते. तिने एवढेच सांगितले की बहात्तर साली खडीच्या कामावर एका माणसाने आपली विहीर सगळ्या मजुरांना मोकळी ठेवली होती. त्याचे नाव ती अजून घेते. आणि ज्यांनी आडाला कुलूप लावले होते त्यांची नावेही तिला पाठ आहेत.

चार दिवसांनी नववीतली लेक शाळेतून गोल टाकीचे घनफळ काढायचा गृहपाठ घेऊन आली. टाकीऐवजी विहीर घेतली तर चालेल का, असे तिने विचारले. तिनेच दोराला गाठी मारल्या. विहिरीचा व्यास २० फूट, म्हणजे त्रिज्या १० फूट. एक फूट उंचीचे पाणी म्हणजे ३१४ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर, म्हणजे विहिरीतले एक फूट पाणी सुमारे ८,९०० लिटर झाले. ओल्या गाठी नऊ निघाल्या. विहिरीत साधारण ८०,००० लिटर पाणी होते. आकडा ऐकून आम्हाला धीर आला, इतके आहे तर!

मग तिने सहज विचारले, "उसाला किती लागते?" एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर फक्त एक इंच पाणी उभे करायचे तर १,०२,७०० लिटर लागतात. विहीर तळापर्यंत उपसली असती तरी एकरभर उसावर इंचभर पाणी बसले नसते. आणि वर्षभर उभ्या राहणाऱ्या उसाला आमच्याकडे पडणाऱ्या पावसाच्या तिप्पटीहून जास्त पाणी लागते. आम्ही तासभर मोटर लावून ऊस जगवत नव्हतो, विहीर मारत होतो.

तिसरे गणित आम्हीच घातले. आठ घरे, दर घरी सहा घागरी, घागर १५ लिटरची. दिवसाला ७२० लिटर. एकरभर उसाच्या त्या एका इंचाच्या पाण्यात ही आठ घरे किती दिवस पाणी पितील? उत्तर आले १४२ दिवस. जवळजवळ पाच महिने! ज्या दोन घागरींना आम्ही नाही म्हणालो होतो त्या या हिशेबात कुठे दिसतसुद्धा नव्हत्या.

वही बराच वेळ तशीच उघडी पडली होती. कोणी कोणाला काही समजावले नाही. दुसऱ्या दिवशी पाटाचे तोंड मातीने बुजवले. ऊस कारखान्याची वाट न पाहता हिरवाच तोडून वैरणीला घातला आणि शेजाऱ्यांच्या जनावरांनाही दिला. कर्जाच्या हप्त्यासाठी खिलार जोडीतला एक बैल विकावा लागला. बाजारात तशीच सोडायला आणलेली जनावरे इतकी होती की मिळाले ते पैसे निम्मेही नव्हते. उरलेला बैल कितीतरी दिवस दावणीच्या रिकाम्या बाजूला मान वळवून उभा राहायचा.

शेजारच्या त्या घरी आजी स्वतः गेली. काय बोलली ते आम्हाला सांगितले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहा ते सात आमच्या विहिरीवर आठ घरांच्या घागरी येऊ लागल्या. मोटर बंद ठेवली. जुना रहाट तेलपाणी करून पुन्हा बसवला. प्रत्येकाने आपले पाणी आपल्या हाताने ओढायचे. हाताने ओढलेले पाणी कोणी सांडत नाही, हे तेव्हा कळले.

मार्चपासून ऊन असे तापले की सकाळी नऊनंतर रानात पाय ठेववेना. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर. जे पत्रे आम्ही उसाच्या पैशांतून हौसेने घातले होते तेच आता तव्यासारखे तापायचे. त्यांच्यावर उसाचे पाचट पसरले तेव्हा घरात थोडे बसवू लागले. जेवणापेक्षा ज्वारीची अंबील आणि पातळ ताक यांवरच दिवस जायचा. म्हशींचे हाल सर्वांत जास्त. काळे अंग, घामही कमी येतो. एकेका म्हशीला दिवसाला साठ लिटर पाणी लागायचे. भांडी धुतलेल्या पाण्यात पोती भिजवून त्यांच्या पाठीवर टाकायचो. दूध निम्म्यावर आले. तीन कोंबड्या एका दुपारी गेल्या. चिंचेखाली वस्तीवरची सगळी मुले, म्हातारी माणसे आणि शेळ्या एकत्र बसलेल्या असायच्या. आठ घरांची दुपार एका झाडाखाली गेली.

आम्हाला खरा आधार दिला तो तिसऱ्या एकरातल्या शाळूने. ऑक्टोबरात होत्या त्या ओलीवर मालदांडी पेरली होती. तिला एकदाही पाणी दिले नाही, फक्त तीन कोळपण्या दिल्या. काळी जमीन वाळली की भेगाळते आणि त्या भेगांतून आतली ओल उडून जाते. कोळप्याने वरची माती हलवली की भेगा बुजतात. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने लोक म्हणतात ते यासाठीच. १९३३ मध्ये सोलापूर आणि विजापूर येथे कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रे निघाली, तीही आपल्यासारख्याच रानांसाठी. म्हणजे हे शहाणपण आमच्या दारातच होते. आम्ही ते उसाच्या नादात विसरलो होतो. शाळूचे दाणे अडीच पोतीच झाले, पण कडबा झाला, आणि त्या कडब्यावर दोन म्हशी व एक बैल जगले.

मेच्या तिसऱ्या शनिवारी ओल्या गाठी तीन होत्या. महिनाअखेरीला संध्याकाळी वळीव आला. पहिले थेंब तापलेल्या पत्र्यावर पडले तेव्हा वाजण्याआधीच वाळत होते. मग खरा पाऊस लागला. २०२४ चा पावसाळा चांगला झाला आणि दिवाळीला विहिरीत सव्वीस फूट पाणी होते.

आता आमच्या रानात ऊस नाही. तूर, हुलगा, शाळू आणि अर्ध्या एकरात ठिबकवर भाजी. बांधबंदिस्ती केली, पावसाचे पाणी गाळून विहिरीकडे वळवले. बोअरचे कर्ज अजून थोडे आहे. दुसरा बैल घेतलेला नाही. नांगरट शेजाऱ्यांच्या बैलाबरोबर सावड करून होते. ते शेजारी म्हणजे ज्यांच्या घागरी आम्ही रिकाम्या परत पाठवल्या होत्या तेच. त्यांनी कधी तो विषय काढला नाही. आम्हालाही काढायला जमलेले नाही. म्हणून इथे लिहिले.

पाऊस पाडणे आपल्या हाती नाही. पण विहिरीत किती आहे आणि त्यातले कोणासाठी किती, हे मोजता येते. आपल्या शाळेतल्या मुलांनी आपापल्या घरची विहीर, टाकी, निदान पाण्याचा पिंप तरी एकदा मोजून पाहावा. दोर, दगड आणि वही एवढेच लागते. गणित नववीचे आहे. आम्हाला ते जमायला एक दुष्काळ लागला.