डुकरं सातबारा पाहून येत नाहीत

गेल्या दिवाळीत कोठारीकडे मामाच्या गावाला गेलो. घरात फराळ सुरू आणि मामा वावरात. धान लोंबीवर आलं की आपल्याकडच्या शेतकऱ्याची दिवाळी माळ्यावरच जाते. मीही एक रात्र जागलीला गेलो. शेकोटी, टॉर्च आणि बडवायला रिकामा डबा. रात्री दोनच्या सुमारास पलीकडच्या धुऱ्याकडून खसखस आली. ओरडलो, डबा बडवला. सकाळी पाहतो तर अर्धी बांधी लोळवलेली. रानडुकरं.

पीक नुकसानीची तक्रार ३ दिवसांत करावी लागते. मामा त्याच दिवशी गेला. पण बांधी बटईची, सातबारा मालकाच्या नावावर, आणि मालक राहतो नागपूरला. कागद पाहून मामाला परत पाठवलं. घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "डुकरानं सातबारा पाहून खाल्लं का गा?"

सरकार काहीच देत नाही, असं मी म्हणणार नाही. माणूस गेला तर २५ लाख. गाय-बैल वाघानं मारला तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यातली कमी असेल ती रक्कम. २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. तिच्यात सौर कुंपणाला ७५ टक्के किंवा १५ हजारांपर्यंत अनुदान मिळतं. पण १५ हजारांच्या वरचा खर्च शेतकऱ्यानंच करायचा. ही योजना आली तीच मुळात वाघाच्या राखीव जंगलालगतच्या गावांसाठी. आपला तालुका ताडोबाच्या बफरमध्ये येत नाही. वाघ मात्र येतो, डुकरं येतात, रोही येतात. त्यांना बफरची रेषा कोणी दाखवली नाही.

आता विचार करा. यातून सुटतो कोण? ज्याचा सातबारा नाही तो. बटईवाला, ठेक्यानं करणारा, आणि पट्टा न मिळालेला जबरानजोतवाला. म्हणजे जंगलाच्या अगदी तोंडाशी जो राबतो, तोच कागदावर नाही. आणि जागलीचं काय? दसऱ्यापासून धान कापेपर्यंतच्या रात्री, थंडी, साप, वाघाची भीती, हे कोणत्याच पंचनाम्यात येत नाही. मग कंटाळून कोणी तारेत करंट सोडतो. त्यात डुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, कधी शेजारचाच माणूस. करंट सोडणं गुन्हाच आहे, त्याचं समर्थन नाही. पण ती पाळी का येते, हेही विचारलं पाहिजे.

वाघ वाचले, ही आपल्या जिल्ह्याची अभिमानाची गोष्ट आहे. तो अभिमान सगळ्यांचा, आणि त्याचा खर्च मात्र धुऱ्यावरच्या माणसाचा. म्हणून हा पैसा मदत नाही, अनुदानही नाही. जंगल सांभाळल्याचा तो मोबदला आहे, आणि पीक ज्यानं पेरलं त्यालाच तो मिळाला पाहिजे. बटईदाराची नोंद ग्रामसभेनं करावी आणि पंचनाम्यात ती धरावी. एवढं तरी व्हावं.

तोवर गावातल्यांना एकच सांगणं. नुकसान झालं की फोटो काढा, ३ दिवसांच्या आत लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. बटईनं करत असाल तर मालकाचं संमतीपत्र पेरणीच्या वेळीच लिहून घ्या. मामानं यंदा घेतलं आहे. जागल मात्र यंदाही चुकणार नाही.