तेलाचे बळ

कापसाचा हंगाम आला म्हणजे आमच्या आर्णीच्या बाजूची मुले जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत गाठी बांधताना पाहतात. सैल कापसाचा ढीग दाबून दगडासारखी गाठ करणारे हे बळ तेलाच्या दाबाचे असते. त्याच बळावर प्रवासी जेट विमान आकाशात वळते, असे वर्गात सांगितले म्हणजे त्यांस मोठे नवल वाटते.

बंद भांड्यातील द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व बाजूंस सारखाच पोहोचतो, हा फ्रेंच पंडित पास्कल (१६२३–१६६२) याचा नियम होय. म्हणून लहान दट्ट्यावर थोडा जोर दिला असता मोठा दट्ट्या जड भार उचलतो; मात्र तो सरकतो थोडाच. याच तत्त्वावर ब्रामा याने १७९५ साली इंग्लंडात दाबयंत्राचे पेटंट घेतले.

विमानाचे इंजिन फिरू लागले की त्याला जोडलेला पंप चालतो. त्यात वर्तुळाकार बसविलेले लहान दट्टे एका कलत्या तबकडीमुळे मागेपुढे सरतात. तेलाची गरज घटली की तबकडीचा कल आपोआप कमी होतो व पंप तेल कमी ढकलतो. दाब बहुधा दर चौरस इंचास ३००० पौंड, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या सुमारे शंभरपट असतो. बोइंग ७८७ मध्ये तो ५००० आहे. हे तेल सहजासहजी पेट न घेणारे असते. नळ्यांतून जाऊन ते सुकाणू हलविते आणि चाके वर घेते.

एका माजी विद्यार्थ्याची आई, मुलगा प्रथमच विमानाने परदेशी निघाला तेव्हा, आम्हांस म्हणाली, "गुरुजी, वर गेल्यावर नळी फुटली तर?" तिला पोकळ धीर देणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. आम्ही सांगितले, "एअरबस ए-३२० विमानात हिरवी, निळी व पिवळी अशा तीन स्वतंत्र व्यवस्था असतात. एकीचे तेल दुसरीत जात नाही. एक निकामी झाली तरी बाकीच्या विमान सांभाळतात. दोन्ही इंजिने बंद पडली तर एक लहान पंखा बाहेर येऊन वाऱ्याच्या जोरावर निळीचा पंप चालवितो."

पुढील हकीकतही आम्ही लपविली नाही. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत एका डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिन फुटले व त्याच्या तुकड्यांनी तिन्ही व्यवस्थांच्या नळ्या तोडल्या. व्यवस्था तीन, परंतु शेपटीत त्यांच्या वाटा जवळजवळ होत्या. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करून वैमानिकांनी विमान सू सिटीस आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले. पुढे तेल वाहून जाऊ लागताच वाट बंद करणारी झडप त्या जातीच्या विमानांत बसविण्यात आली.

माउली क्षणभर थांबून म्हणाली, "म्हणजे नळ्या तपासणाऱ्याचा हात खरा पाहिजे."

विद्यार्थीहो, आमच्या मते तिने सर्व विषयाचे सार सांगितले. नागपूरजवळ मिहान येथे बोइंगने बांधलेले विमानदुरुस्तीचे केंद्र २०१५ साली सुरू झाले. असे काम उद्या तुमच्यापैकी कोणाच्या हाती आले, तर कोणी पाहत नसतानाही प्रत्येक जोड नीट तपासा. त्या विमानात बसणाऱ्यांस तुमचे नाव कधीच कळणार नाही. त्यांची घरी वाट पाहणारी माणसे मात्र तुमच्याच भरवशावर असतील.