हरिहरेश्वरची प्रदक्षिणा

आमच्या हिंगोलीकडे समुद्र म्हणजे पोथीतला. कयाधूचे पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा लांबचा वळसा घेऊन पूर्वेच्या सागराला मिळते. पश्चिमेच्या सागराशी आमचा काही व्यवहारच नाही. सत्तरी गाठलेल्या आईने "एकदा समुद्र दाखव" म्हटले, तेव्हा मी तिला रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरला नेले. देवही होईल, समुद्रही होईल!

दर्शन झाल्यावर पुजाऱ्यांनी बजावले, "प्रदक्षिणा ओहोटीतच आटपा." डोंगरावर चढून, दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या घळीतल्या पायऱ्या उतरून आपण एकदम लाटांच्या पुढ्यात येतो. आईने कड्यावर हात ठेवला. "अरे, हा तर आपल्या औंढ्याच्या देवळाचाच दगड!"

तिचे खरे होते. औंढा नागनाथाचे देऊळ ज्या काळ्या दगडाचे, तोच हा; सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा. औंढ्याला तो छिन्नीने घडवला, इथे समुद्र घडवतो आहे. भरतीच्या लाटा पायथ्यावर आदळतात, फटींत कोंडलेली हवा दगड खिळखिळा करते. पायथा आत पोखरला जातो आणि एके दिवशी वरचा भाग कोसळतो. कडा मागे सरकतो, त्याचा सपाट तळ मात्र फरसबंदीसारखा तिथेच उरतो. प्रदक्षिणेची वाट ती हीच. तिच्यावरचे रांजणखळगे लाटांबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी कोरलेले. कड्यावरची मधाच्या पोळ्यासारखी जाळी ही मिठाची करणी: खारे तुषार दगडात मुरतात आणि सुकताना मिठाचे स्फटिक त्याचा कण न् कण उचकटतात.

पण समुद्राची ही कानस नेहमी याच उंचीवर नव्हती. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी पृथ्वीवरचे पुष्कळ पाणी बर्फात अडकले होते, तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. किनारा पश्चिमेला कितीतरी दूर. बर्फ वितळले, पाणी चढत आले आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी साधारण आजच्या पातळीला टेकले. दक्षिणेची बाणकोटची खाडी म्हणजे त्या चढाईत बुडालेली सावित्रीची दरी. म्हणून तर पूर्वी महाडपर्यंत गलबते जात. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला, ही कथा आपण सारेच ऐकतो. त्याने परत मुसंडी मारल्याची कथा कुणी सांगत नाही.

हे सारे आईला समजावण्यात मी रंगलो, आणि तिथेच घोटाळा झाला. प्राध्यापकाला तास संपल्याची घंटा ऐकू येत नाही! पाहतो तो पुढच्या वळणावर खडकावरून पाणी खेळू लागलेले. एक लाट आईच्या गुडघ्यापर्यंत आली. तिने माझे मनगट असे आवळले की बोटांचे वळ उठले. अर्ध्यातूनच परतलो. रात्री ती काही बोलली नाही, मीही नाही.

१९०० नंतर जगभर समुद्र सरासरी सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर वर आला आहे, आणि आता त्याचा वेग वाढतो आहे. वीत ती काय! पण जी वाट ओहोटीपुरतीच उघडी पडते, तिच्यावर वीतभर पाणी म्हणजे प्रदक्षिणेच्या वेळेतून काढून घेतलेली मिनिटे. पुढच्या पिढ्यांना पुजारी कोणती वेळ सांगतील, याचा विचार करत मी पडून राहिलो.

सकाळी आईने विचारले, "ओहोटी किती वाजता?"

"कालच्यापेक्षा पाऊण-एक तास उशिरा."

"मग आज आधी फिरून घेऊ. दगडाचं नंतर सांग."