चाळणी लावून काढलेले शब्द



तिसरीच्या वर्गात दोन-तीन मुलं अशी असतातच, की 'घर', 'कमळ' झटकन वाचतात आणि 'चंद्र' आला की बोट तिथंच थांबतं. त्यांच्या हातात पहिलीचं पुस्तक दिलं तर बाकीची मुलं बघतात, आणि मग ते मूल वाचायचंच सोडून देतं. त्यांना तिसरीच्याच धड्यातले, पण पेलतील असे शब्द हवे असतात. हे हाताने वेचायला एका धड्याला एक संध्याकाळ जाते. म्हणून मी ते पर्लकडून करून घेते.

पर्ल ही लॅरी वॉल यांनी १९८७ साली आणलेली प्रोग्रॅमिंगची भाषा. वॉल स्वतः भाषाशास्त्र शिकलेले, म्हणूनच की काय, मजकूर चाळायला ती फार सोयीची. शब्द कसा दिसायला हवा याचं वर्णन खुणांनी लिहायचं, त्याला रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात. वर्णनात बसेल तो शब्द ठेवायचा, बाकीचे सोडायचे. धान्य चाळतो तसंच, फक्त चाळणीची भोकं आपण पाडायची.

आधी धडा मोकळ्या जागांवर आणि विरामचिन्हांवर तोडून सुटे शब्द करून घ्या. मग ही पहिली चाळणी:

^[अक-ह]+$

टोपी म्हणजे शब्दाची सुरुवात, डॉलरची खूण म्हणजे शेवट. चौकटी कंसात चालणारी अक्षरं, आणि अधिकची खूण म्हणजे ती एकदा किंवा कितीही वेळा. यातून घर, मगर, अननस मिळतात. 'ळ' वेगळा लिहावा लागत नाही, तो क ते ह मध्येच येतो. 'काका' मात्र गळतो, कारण संगणकात 'का' हे एक अक्षर नसतंच. क वेगळा, काना वेगळा. बाराखडी शिकवताना आपण फळ्यावर फोडून दाखवतो ना, अगदी तेच! कंसात आ आणि काना घातला की काका, आजार, सामान येतात:

^[अआक-हा]+$

(शेवटचा काना ह ला चिकटून दिसतो, घाबरू नका.)

जोडाक्षरांसाठी नुसती पाय मोडल्याची खूण शोधायची. सूर्य, पुस्तक येतात, आणि क्षमा, ज्ञानसुद्धा येतात. मुलं क्ष, ज्ञ तक्त्यावर एकेक अक्षर म्हणून शिकलेली असतात, म्हणून ते शब्द मी वेगळे ठेवते.

एक तांत्रिक गोष्ट: प्रोग्रॅम आणि धड्याची फाइल, दोन्ही यूटीएफ-८ मध्ये आहेत हे पर्लला सांगावं लागतं. नाहीतर तो देवनागरीच्या एकेका अक्षराचे तीन बाइट सुटे धरतो आणि यादी भलतीच येते.

पण मुलाने शब्द कधी ऐकलाय का, हे चाळणीला कळत नाही. 'नभ' पहिल्या यादीत येतो, तो माझ्या वर्गात कुणाच्या घरी बोलत नाहीत. 'कोयता' मात्रेमुळे मागे पडतो, आणि ऊसतोडीवरून आलेल्या आमच्या एका मुलाने पहिल्यांदा अडखळल्याशिवाय वाचलेला शब्द तोच होता. त्यामुळे छापण्याआधी यादीवर पेन फिरवतेच. त्याच्या यादीत आता कोयता, उचल, बैल आहेत, आणि 'बिऱ्हाड' मी जोडाक्षरांतून उचलून वर आणलाय.