वळणावरचे खांदे

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याला वळसा घालता घालता आमची पिढी गाडी वाकवायला शिकली. चेतकवर पुढे उभं राहायचं, दोन्ही बाजूंनी वडिलांचे हात. स्कूटर कलली की आपणही कलायचो. जरा मोठे झालो की मागची सीट मिळायची आणि एकच सूचना: "ताठ बसू नकोस, गाडीबरोबर झुक."

आजची मुलं रेसर मार्क मार्केझला कोपर टेकवताना पाहतात आणि वळणाचं शास्त्रही जाणतात. वळणाआधीच वेग कमी, नजर वळणाच्या टोकाकडे, बाहेरचा गुडघा टाकीला घट्ट, खांदे आतल्या बाजूला. अंग आत गेलं की गाडी कमी वाकवावी लागते, टायरची पकड शिल्लक राहते. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

खरं सांगायचं तर आम्ही वाईट चालवायचो. चेतकचं इंजिन उजव्या बगलेला, चाकं दहा इंची, ब्रेक ड्रमचे. खुलताबादहून दौलताबादचा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करायचो आणि सगळा भार त्या ब्रेकांवर टाकायचो. डोक्यावर हेल्मेट नसे. वळणावर खडी दिसली की पाय खाली. आमच्यातल्या कित्येकांच्या कोपरांवर त्या खडीच्या खुणा अजून आहेत. 2019पासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, ते फार बरं झालं.

तरी सकाळ आठवते. किक मारण्याआधी वडील स्कूटर एका अंगाला कलती करायचे, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उतरावं म्हणून. दिवसाची सुरुवातच झुकण्याने व्हायची. आई मागे एका बाजूला बसायची, हात वडिलांच्या खांद्यावर. वळण आलं की तो हात किंचित दाबला जायचा आणि दोघं एकदम कलायची. आता बटण दाबलं की गाडी सुरू. मागचं माणूस उंच सीटवर बसून मोबाइल बघतं. वळण आलं कधी, गेलं कधी, त्याला कळतही नाही.

क्रांती चौकात उड्डाणपूल झाला. त्यापुढे पुतळा ठेंगणा दिसू लागला, म्हणून 2022मध्ये उंच चौथऱ्यावर नवा, मोठा पुतळा उभा राहिला. खालचं वळण मात्र अजूनही गर्दीचं आणि हळूच घ्यायचं आहे. तिथे घाटातल्यासारखं अंग आत टाकलं तर गाडी आतल्या बाजूला पडायलाच येते. अशा वेगात अंग सरळ ठेवून खालची गाडी तेवढी कलवायची असते. वडील नेमकं तेच करायचे, आणि त्यांनी ते कुठल्याही व्हिडिओत पाहिलेलं नव्हतं.

मुलांनो, घाटातलं तुमचंच बरोबर आहे, तिथे आमचं ऐकू नका. फक्त मागे कुणी बसलं असेल, तर वळणाआधी त्याला एवढं सांगा: "माझ्याबरोबर झुक."